नाव बदललं, दार बंद!

लग्नानंतर आडनाव बदललं की रेशनकार्डापासून बँकेपर्यंत हेलपाटे ठरलेलेच. बॉनला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचंही तेच झालं. ऑफिसनं तिच्या खात्याला नवं आडनाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी कामाची वेबसाइट तिला ओळखच देईना. पासवर्ड बरोबर, तरी दार बंद! गंमत म्हणजे ऑफिसच्या संगणकांवरचं विंडोज माणसाला नावानं ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला ‘एसआयडी’ हा लांबलचक क्रमांक असतो. नाव बदललं तरी तो तोच राहतो. पण त्या क्रमांकाशी जोडलेलं जुनं नाव सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतो आणि ब्राउझरही सवयीनं तेच भरतो. भाचीनं कुकीज पुसल्या, साठवलेला पासवर्ड काढला, नवं नाव हातानं टाइप केलं. शेवटी ऑफिसनं सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा कुठे आत शिरता आलं. तिच्या बॉनचंही असंच झालं: राजधानीचा मान गेला, १९९४च्या कायद्यानं त्याला ‘संघीय शहर’ म्हटलं. ऱ्हाईनकाठचं गाव मात्र तेच. वेबसाइट बनवणाऱ्यांनो, खातं क्रमांकाशी बांधा, नावाशी नको. नावं बदलतात, माणूस तोच असतो.