रौद्ररूप आणि एक बाप

दिवाणखान्यांतून आरोळ्या ऐकूं येऊं लागल्या तरी आतां आमच्या घरीं कोणी दचकत नाहीं. गोकू नांवाच्या वीराची लढाई चालू आहे, एवढेंच सर्वांस समजतें. प्रारंभीं आम्हीं ‘तें कार्टून बंद करा’ असें दोनदां बजावलें. त्यावर सहाव्या इयत्तेंतील आमच्या नातवानें ‘आजोबा, कार्टून नव्हे, ॲनिमे म्हणा’ अशी आमचीच दुरुस्ती केली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविणाऱ्यास ती झोंबली खरी. परंतु दुरुस्ती न्याय्य होती. म्हणून आम्ही शेजारीं बसलों, आणि ‘ड्रॅगन बॉल झेड’चे २९१ भाग पाहूनच उठलों असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अकिरा तोरियामा ह्या जपानी चित्रकारानें १९८४ पासून १९९५ पर्यंत ही चित्रकथा एका साप्ताहिकांत चालविली. २०२४ सालीं तो वारला. नायकाचें नांव म्हणजे चिनी कथेंतील सुन वूखुंग ह्या वानराच्या नांवाचेंच जपानी उच्चारण. ‘वूखुंग’ म्हणजे शून्याचा बोध झालेला. तो वानर ज्या यात्रेकरूचा सोबती, तो ह्युएनत्संग सातव्या शतकांत खरोखरच भारतांत आला आणि दुसऱ्या पुलकेशीचा महाराष्ट्रही पाहून गेला. तेव्हां पाहुणा अगदींच परका नव्हे.

ऐन संकटांत ह्या वीराचें बळ कैक पटींनीं वाढतें, रूपही पालटतें. अशा लढायांत सर्वांत सरस कोणती, ह्यावर आमच्या पंगतींत भात निवेपर्यंत वाद चालतो.

धाकट्या पुतण्याचा कौल व्हेजीटाशीं झालेल्या पहिल्या लढाईस. तेथें गोकूचे केस काळेच आहेत. परलोकांत कायो नांवाच्या देवतुल्य गुरूकडे शिकलेली ‘काइओकेन’ विद्या तो वापरतो, तेव्हां अंगाभोंवतीं तांबडें तेज उठतें. दुपटीपलीकडे जाऊं नको, ही गुरूची ताकीद. शिष्य तिप्पट करतो, मग चौपट. त्याचें मोल देहच देतो. जरा उसंत मिळतांच याजिरोबे नांवाचा भित्रा गृहस्थ शाबासकी म्हणून त्याच्या अंगावर थाप मारतो, आणि हा महावीर कळवळून किंचाळतो! हा शुद्ध वीररस. त्याचा स्थायिभाव उत्साह. अभ्यासानें मिळविलेलें बळ म्हणून आमच्यांतील मास्तरास ही लढाई पसंत आहे.

नातवाचें मत अर्थातच नामेक ग्रहावरील लढाईस. फ्रीझा हा दुष्ट गोकूच्या बालमित्राला, क्रिलिनला, अधांतरीं उचलून त्याच्या चिंधड्या करतो. क्रिलिन पूर्वीं एकदां मेलेला व दैवी मण्यांच्या प्रभावानें उठलेला. त्याच मण्यांनीं त्यास पुन्हां उठवितां येत नाहीं. गोकूचा शोक पाहतां पाहतां क्रोधांत बदलतो. केस सोन्यासारखे होऊन उभे राहतात, डोळे हिरवट होतात. हा भाग १९९१ सालीं प्रथम दाखविला गेला. गंमत अशी कीं, छापील चित्रांत केस काळे भरण्यांत मदतनिसाचा फार वेळ जाई, तो वांचावा म्हणून ते कोरे ठेविले, असें तोरियामानेंच सांगितलें आहे. रौद्ररसाच्या मुळाशीं शाईची काटकसर! ग्रह पांच मिनिटांत फुटणार असें फ्रीझा बजावतो आणि तीं पांच मिनिटें कित्येक भाग पुरतात, हें मात्र आमच्या गणितांत बसत नाहीं.

आमची आवड तिसरीच. सेल नांवाच्या राक्षसाशीं गोकू स्वतः लढतो, मध्येंच माघार घेतो, आणि आपल्या मुलास, गोहानास, पुढें करतो. मूल दहा-अकरा वर्षांचें. अभ्यासाची गोडी, लढण्याची नाहीं. त्याच्या अंगीं आपल्यापेक्षां अधिक बळ आहे, हें बापानें अचूक ओळखलेलें. तें मार बसल्यावांचून बाहेर पडणार नाहीं, ही त्याची खात्री. मुलगा मार खात राहतो. तेव्हां पिकोलो, ज्यानें त्यास लहानपणीं शिकविलें, तो बापावर कडाडतो. मुलाच्या मनांत लढण्याचा विचारच नाहीं. आपण मरतों आहों तरी बाबा धांवून कां येत नाहींत, एवढाच प्रश्न त्याच्या मनांत आहे, असें तो सांगतो.

हें ऐकतांच आम्ही चष्मा पुसूं लागलों. तीस वर्षांपूर्वीं आमच्या चिरंजीवांस आम्हीं संस्कृत पाठांतराच्या चढाओढींत उभें केलें होतें. मूल लाजाळू, पण वाणी स्वच्छ. व्यासपीठावर चढलें कीं उमलेल, असा आमचा सिद्धांत. तिसऱ्या श्लोकास तें अडलें. आम्ही पहिल्या रांगेंत होतों. ओठ नुसते हलविले असते तरी पुरे होतें. हलविले नाहींत. घंटा होईपर्यंत तें आमच्याकडे पाहत उभें राहिलें. घरीं येतांना एवढेंच विचारलें, ‘बाबा, पुढचा शब्द तुम्हांला येत होता ना?’

गोहानाचें बळ अखेर जागें होतें, तें बापाच्या हिशेबानें नव्हे. पांखरांवर जीव लावणाऱ्या एका यंत्रमानवाचें मस्तक सेल पायाखालीं चिरडतो, त्या दुःखानें. परंतु रागावलेलें मूल शत्रूस संपविण्याऐवजीं छळूं लागतें. त्याची किंमत म्हणून गोकूला सेलसह दूर जाऊन मरावें लागतें. सेल परत येतो. गोहानाचा एक हात निकामी, धीर सुटलेला. तेव्हां मेलेला बाप परलोकांतून त्याच्याशीं बोलतो, धीर देतो, आणि एका हातानेंच तो शेवटचा प्रहार होतो. उशिरां कां होईना, हा बाप पुढचा शब्द सांगतो.

त्या रात्रीं नातवानें विचारलें, ‘आजोबा, हिच्यांत गोकू हरतो नि मरतो, मग हीच कां आवडते तुम्हांला?’ चिरंजीव मागें खुर्चीवर मोबाईल घेऊन बसले होते. त्यांनीं मान वर केली, आमच्याकडे क्षणभर पाहिलें, आणि मुलास म्हणाले, ‘आजोबांना दमवूं नकोस; पुढचा भाग लाव.’