कृतज्ञतेला निविदेत स्थान नाही!

अहिल्यानगरला शाळेच्या सहली येतात त्या प्रामुख्याने दोन गोष्टी पाहण्यासाठी. एक भुईकोट किल्ला आणि दुसरे १९९४ साली उभे राहिलेले रणगाडा संग्रहालय. १९६५च्या युद्धात शत्रूकडून हिसकावून आणलेल्या पॅटन रणगाड्यांपुढे उभे राहून मुले छायाचित्रे काढतात, शिक्षक अभिमानाने माहिती देतात. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर आणि संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा अशा तीन मोठ्या लष्करी आस्थापना असलेला हा जिल्हा आहे. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कर्जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील अनेक घरांत शेतीच्या जोडीला सैन्याची नोकरी पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. रणगाड्याला येथे छप्पर आहे, रंगरंगोटी आहे, देखभालीची तरतूद आहे. रणगाड्यातून एक पाय गमावून उतरलेल्या माणसाने गावी परतून लहानसा व्यवसाय थाटला आणि सरकारी कामाची निविदा भरली, तर त्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

शासन सैनिकासाठी काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपंगत्व निवृत्तिवेतन आहे, राज्याचे सानुग्रह अनुदान आहे, २०२० साली घरपट्टी माफीची योजना आली. राज्य सेवेच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत तर गट क मध्ये १४.५ आणि गट ड मध्ये २४.५ टक्के जागा माजी सैनिकांच्या आहेत. त्यांतील ४.५ टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी आणि वीरगती प्राप्त झालेल्यांच्या आश्रितांसाठी राखलेल्या आहेत. म्हणजे देशासाठी शरीराचा अवयव दिलेल्या माणसाचा सरकारी अन्नात वेगळा वाटा आहे, हे तत्त्व भारतीय राज्यव्यवस्थेने केव्हाच मान्य केले आहे.

प्रश्न असा की, ते पद आज उरले आहे कोठे? पहारेकरी, वाहनचालक, सफाई, बागकाम, वाहन दुरुस्ती, उपाहारगृह ही गट ड आणि गट क ची कामे गेल्या पंचवीस वर्षांत एकामागून एक कंत्राटाकडे गेली. पद गेले, तसे त्या पदावरील आरक्षणही गेले. कागदावर टक्केवारी जशीच्या तशी आहे, पण ज्या भाकरीची टक्केवारी लावायची ती भाकरीच निविदेच्या टोपलीत जाऊन पडली. वाटा नोकरीत मान्य आणि कंत्राटात अमान्य, या विसंगतीचे समर्थन कोणत्याही मंत्रालयाने आजवर केलेले नाही. तसे करण्याची वेळच त्यांच्यावर कोणी आणलेली नाही.

आता कंत्राटाचे नियम पाहावेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ मध्ये झाला. त्याच्या कलम ११ खाली २०१२ साली केंद्राने सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्रीय मंत्रालये आणि उपक्रम यांनी वार्षिक खरेदीतील २० टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे त्यात ठरले आणि २०१५ पासून ते बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले. या २५ टक्क्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के असे उपलक्ष्य आहे. दोन्ही योग्यच आहेत. पण त्या आदेशात सैनिक शोधून सापडत नाही. युद्धात अपंग झालेला सैनिक नाही आणि वीरपत्नी असली तर ती केवळ 'महिला' म्हणून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ पाहावा, तर त्यात व्यवसायासाठी सवलतीच्या दराने द्यावयाच्या जमिनीत ५ टक्के वाटा आहे, पण सरकारी खरेदीत टक्क्याचाही उल्लेख नाही. माणूस सैनिक म्हणून एका खात्यात, दिव्यांग म्हणून दुसऱ्या खात्यात आणि उद्योजक म्हणून तिसऱ्या खात्यात नोंदला जातो. तिन्ही खात्यांची बेरीज कोणीच करीत नाही.

राज्याची पद्धत याहून बोलकी आहे. जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची ठरावीक रकमेच्या आतील लहान कामे महाराष्ट्रात ३३:३३:३४ या प्रमाणात वाटली जातात. तेहेतीस टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, तेहेतीस टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि चौतीस टक्के खुल्या कंत्राटदारांना. तिन्हींची बेरीज शंभर भरते. चौथ्याला जागा नाही. अभियंता बेरोजगार आहे म्हणून त्याला काम मिळावे, मजुरांची संस्था आहे म्हणून तिला मिळावे, हे समजण्यासारखे आहे. (मजूर संस्थांच्या कागदावरील मजूर प्रत्यक्षात कोण असतात, याची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली आहे, ती येथे नको.) पण सियाचीनमध्ये बोटे गमावून वयाच्या पस्तिसाव्या वर्षी घरी आलेला हवालदार या तिघांपैकी कोण? तो अभियंता नाही, मजूर संस्थेचा सभासद नाही. मग तो 'खुला'. दोन-तीन पिढ्या ठेकेदारी करणाऱ्या, पदरी यंत्रसामग्री बाळगणाऱ्या घराण्याशी त्याने खुली स्पर्धा करावी, अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे.

स्पर्धा तरी खुली आहे का? केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ रोजी कामांच्या निविदांसाठी पात्रतेच्या अटींचे परिपत्रक काढले. भ्रष्टाचाराला आळा बसावा, हा त्यामागील हेतू शुद्ध होता. मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के असावी. मागील सात वर्षांत तशाच स्वरूपाची ४० टक्के किमतीची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक काम केलेले असावे. या अटी पुढे सेवांच्या निविदांतही सर्रास उतरल्या. त्यांचा अर्थ साध्या हिशोबाने कळतो. चाळीस लाखांचे वाहन देखभालीचे कंत्राट असेल, तर अर्जदाराची वार्षिक उलाढाल सरासरी बारा लाख हवी आणि त्याने सोळा लाखांची तीन, वीस लाखांची दोन किंवा बत्तीस लाखांचे एक काम आधीच केलेले हवे. गेल्या वर्षी सैन्यातून मुक्त झालेल्या माणसाने हे कोठून आणावे?

येथेच या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय दडलेला आहे. टी-७२ रणगाड्याला ७८० अश्वशक्तीचे बारा सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. ते राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या थंडीत चालू ठेवण्यात ज्याची पंधरा-सतरा वर्षे गेली, त्याचा अनुभव निविदेच्या रकान्यात शून्य धरला जातो. कारण त्याच्याकडे 'कार्यादेशाची प्रत' आणि 'काम पूर्णत्वाचा दाखला' नाही. त्याची सेवापुस्तिका स्वतः भारत सरकारने भरलेली असते. भारत सरकारचाच दुसरा विभाग ती पुरावा म्हणून स्वीकारत नाही. खासगी कारखान्यात तीन वर्षे पंप दुरुस्त केल्याचा दाखला चालतो आणि सेनादलाचा चालत नाही, ही अवस्था परकीय सत्तेच्या काळातील नव्हे, स्वतंत्र भारतातील आहे.

लघुउद्योगांना सवलती आहेत, असे यावर उत्तर येते. आहेतच. बयाणा रक्कम माफ आहे, निविदा संच विनामूल्य आहे. न्यूनतम दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक दर भरणाऱ्या लघुउद्योगाला न्यूनतम दराची बरोबरी करून पुरवठ्याचा वाटा मिळू शकतो. पूर्वानुभव आणि उलाढालीची अटही शिथिल 'करता येते'. सारी गोम या 'येते'मध्ये आहे. शिथिल करावी, असे नाही, करता येते. ज्या अधिकाऱ्याला उद्या लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे आहे, तो जे करता येते ते कधीही करीत नाही, तो फक्त जे करावे लागते तेच करतो. शिवाय हे धोरण वस्तू आणि सेवांपुरते आहे. बांधकामाचे ठेके त्यातून वगळलेले आहेत आणि व्यापारीही. पंचेचाळीस दिवसांत देयक न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागण्याचा अधिकार २००६च्या कायद्याने लघुउद्योगाला दिला खरा, पण बांधकामाच्या ठेक्याचा प्रश्न आला की तेथेही त्याच वगळण्याची ढाल पुढे केली जाते. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांना थकीत देयकांसाठी रस्त्यावर यावे लागले. मोठा ठेकेदार वर्षभर तग धरतो. निवृत्तीच्या रकमेवर पहिले काम उचललेला सैनिक दोन देयके थकली की संपतो.

'करता येते' आणि 'करावे' यांतील अंतर किती असते, हे अमेरिकेतील एका खटल्याने दाखवून दिले. सेवेत अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या लघुउद्योगांसाठी सरकारी कंत्राटांत ३ टक्क्यांचे लक्ष्य तेथे १९९९च्या कायद्याने ठरले आणि २००३ मध्ये त्यांच्यासाठी कंत्राटे राखून ठेवण्याची तरतूद झाली. २००६ मध्ये माजी सैनिकांच्या विभागासाठी आणखी कडक नियम आला. दोन किंवा अधिक पात्र सैनिक-उद्योजक योग्य दरात बोली लावतील अशी अपेक्षा असेल, तर स्पर्धा त्यांच्यापुरतीच ठेवावी. या नियमाला पळवाट काढण्यात त्या विभागाने कसूर केली नाही. लक्ष्य पूर्ण झाले की नियम ऐच्छिक होतो, असा युक्तिवाद झाला. किंगडमवेअर नावाच्या लहान कंपनीने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि जून २०१६ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की, कायद्यात 'करावे' लिहिले असेल तर करावेच लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील संसदेने हे लक्ष्य ३ वरून ५ टक्क्यांवर नेले. अमेरिकेचे अनुकरण करण्याचे कारण नाही. पण सैनिकाला मंदिरातील देवाप्रमाणे पूजणारा म्हणविणारा समाज या बाबतीत एका व्यापारी वृत्तीच्या देशाच्या मागे का असावा?

नकली सैनिक पुढे करून धनदांडगे कंत्राटे लाटतील, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेतही हेच घडले. तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २००९ मध्ये अशी दहा प्रकरणे चव्हाट्यावर आणली. पण त्यांनी योजना बंद केली नाही. किमान ५१ टक्के मालकी आणि दैनंदिन नियंत्रण सैनिकाचेच हवे, ही अट होतीच. २०२३ पासून त्याची तपासणी एका स्वतंत्र लघुउद्योग प्रशासनाकडे सोपवण्यात आली. भारतात तर मापदंड याहून सोपा ठेवता येईल, कारण येथे अनेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. गावातील कोणता सैनिक स्वतः धंदा करतो आणि कोणाच्या नावाची पाटी दुसऱ्याच्या दुकानावर आहे, हे त्या कार्यालयाला महिनाभरात कळू शकते. याउलट आजच्या योजनांचेच स्वरूप नामधारी राहिले आहे. कोळसा कंपन्यांत टिपर जोडणीची योजना राबवली गेली, तिच्यात अपंग सैनिक किंवा वीरपत्नीने रक्कम गुंतवावी आणि मासिक परतावा घ्यावा, टिपर चालवणारी कंपनी दुसऱ्याची. २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाने हजारो सैनिकांना पहाऱ्याचे काम मिळवून दिले, हे मोलाचे आहे. पण तेथेही कंत्राट महामंडळाचे आणि सैनिक पगारी रखवालदार. त्याने मालक व्हावे, चार जणांना रोजगार द्यावा, ही कल्पना धोरणकर्त्यांच्या मनाला शिवलेली दिसत नाही.

शिवछत्रपतींच्या काळात ही कल्पना अपरिचित नव्हती. अफजलखानाच्या वधानंतर जखमी झालेल्यांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिल्याचे सभासदाने नोंदवले आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले गेले. जखम मोजून हिशोब आणि पुढच्या पिढीला उद्योग, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. आजच्या राज्याने पहिला भाग ठेवला, दुसरा सोडला.

सैनिकाला धंदा जमत नाही, हा शहरी समज तर ऐकूनही घेऊ नये. याच जिल्ह्यातील राळेगण सिद्धी हे उजाड गाव एका निवृत्त लष्करी वाहनचालकाने उभे केले. खडकीच्या क्वीन मेरी संस्थेत १९१७ पासून अपंग सैनिकांना व्यवसायाचे शिक्षण दिले जाते. शिकवायचे आणि मग बाजाराच्या दाराशी सोडून द्यायचे, असा हा शंभर वर्षांचा शिरस्ता आहे.

करण्याजोगे जे आहे, त्यासाठी संसदेत जावे लागत नाही. कलम ११ खाली केंद्र आणि राज्य दोघांनाही आदेश काढता येतो. २०१८ची दुरुस्तीही अधिसूचनेनेच झाली होती. २५ टक्क्यांतून ४ आणि ३ वजा जाता १८ टक्के उरतात, त्यांतील ३ टक्के अपंगत्व आलेले सैनिक आणि वीरपत्नी यांच्या उद्योगांना दिले, तर कोणाच्याही ताटातील घास जात नाही. सेवापुस्तिकेतील कामाची वर्षे निविदेतील अनुभव म्हणून धरली जावीत आणि तेथे 'धरता येतील' असे लिहिले जाऊ नये. केवळ टक्का लिहून मात्र भागणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या ४ टक्क्यांचे लक्ष्य अनेक वर्षे गाठले गेले नाही, म्हणूनच २०१६ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय हब स्थापावे लागले. सैनिकांसाठी तसे केंद्र काढायचे, तर लष्करी आस्थापना, औद्योगिक वसाहत आणि माजी सैनिकांची गावे एकाच जिल्ह्यात असलेले अहिल्यानगर हे स्थान स्वाभाविक ठरेल. आणि राज्याने ३३:३३:३४ या सूत्रात चौथा आकडा लिहावा.

हे आताच करण्याचे आणखी एक कारण आहे. अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण डिसेंबर २०२२-जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांनी त्यांतील कमाल २५ टक्के तरुण सैन्यात कायम होण्याची तरतूद आहे, उरलेले सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन गावी परततात. सेवेत अपंगत्व आल्यास प्रमाणानुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे. पण चार वर्षांनी परतणारा अग्निवीर योजनेनुसार 'माजी सैनिक' या व्याख्येत बसत नाही. नव्या आदेशाची व्याख्या लिहिताना बावीस-तेवीस वर्षांच्या या मुलाचे नाव त्यात घालायचे की नाही, हे आदेशाचा मसुदा करणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात ठरवावे लागेल.