विडालचा रिपोर्ट म्हणजे सातबारा नव्हे



वेचणीच्या दिवसांत ताप आला की दुसऱ्याच दिवशी विडाल करायला लावतात. रिपोर्टात टायफॉईड निघतो, सलाईन चढते, आणि कापसाची पट्टी हाती येण्याआधीच उसनवारी होते.

विडाल ही १८९६ सालची तपासणी. ती जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात, ती मोजते. ती तयार व्हायलाच आठवडाभर लागतो, आणि मागच्या तापाची किंवा लशीची महिनोन्महिने रक्तात राहतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट बहुधा जुनीच थकबाकी दाखवतो! (सोसायटीचे कर्जदार हे लगेच ओळखतील.) आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासून आकडा चौपट झाला, तर त्याला अर्थ. त्याहून भरवशाचे रक्ताचे कल्चर, तेही औषध सुरू होण्याआधी.

२०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा हा ताप. त्यावर डॉक्सिसायक्लिनची साधी गोळी चालते. पण टायफॉईडचा शिक्का बसला तर ती देणार कोण?

कल्चरची सोय ग्रामीण रुग्णालयात झालीच पाहिजे, आणि फुकट. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडा. तोवर पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना विचारा: तापाचा आज कितवा दिवस, आणि मलेरिया पाहिला का?