बॅटरीची भूक

समजा, तुम्ही जालन्याला राहता आणि दारात विजेवरची नवीकोरी मोटार आली. झालं! सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. त्यातला सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे, “बॅटरी पार उतरू द्यायची, मगच काठोकाठ भरायची.” दोस्तांनो, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. मोटारीत असते लिथियम-आयन, आणि तिला हे दोन्ही रोज रोज सोसत नाही. गाडीचा सगळ्यात महागडा भाग हाच, तेव्हा घरच्या मोठ्या माणसांना हे तुम्हीच समजावून सांगा.

आत काय चालतं बघा. जालना–अंबड एसटी जशी ये-जा करते, तसे लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, दोन टोकांमध्ये ये-जा करतात. एका टोकाला असतं ग्रॅफाइट, तुमच्या पेन्सिलीतलंच! चार्जिंग करताना आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, गाडी चालली की परत फिरतात. (ही बॅटरी घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते!)

ग्रॅफाइट गच्च भरलं, की आतला द्रव त्याच्याशी हळूहळू रासायनिक क्रिया करतो. ग्रॅफाइटवर पापुद्रा साचतो आणि थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. तेवढे प्रवासी कमी झाले, म्हणजे गाडीचा पल्लाही कमी. उष्णतेनं हे सगळं आणखी जोरात चालतं. आणि जालन्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर! भरलेली बॅटरी नि दुपारचं ऊन, ही जोडी सगळ्यात वाईट.

म्हणून उन्हातून गाडी आली की लगेच प्लग खुपसू नका. सावलीत निवू द्या, जेवणं उरका, मग चार्जिंग लावा. बॅटरी ४० युनिटची धरू (हो, वीजबिलातलंच युनिट). २० टक्क्यांवरून ८० वर न्यायला २४ युनिट लागतात. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण ३ युनिट मिळतात, म्हणजे ८ तास. रात्री दहाला लावा, सकाळी सहाला तयार. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.

रोजच्या शाळा-बाजाराला ८० टक्के पुष्कळ झाले. समृद्धी महामार्गानं मुंबईला जायचंय? खुशाल १०० टक्के भरा, फक्त निघायच्या थोडं आधी चार्जिंग पूर्ण होईल असं बघा. भरून तीन दिवस अंगणात उभी ठेवणं, ते वाईट. वाटेतला जलद चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो. तिथे ताटकळण्यापेक्षा पुढची वाट धरलेली बरी. सुट्टीत महिनाभर मामाच्या गावाला चाललात आणि गाडी घरीच राहणार? निम्मी भरून ठेवा. रिकामी नको, कारण बंद गाडीतही चार्ज थोडाथोडा उतरतोच.

एक भानगड मात्र आहे. काही गाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी असते. तिचं व्होल्टेज बराच वेळ एकसारखंच राहतं, त्यामुळे चार्ज किती उरला याचा गाडीला नीट अंदाज येत नाही. म्हणून कंपन्या ती अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात. तुमच्या गाडीत कोणती आहे? गाडीबरोबर आलेली पुस्तिका कपाटातून काढा आणि बघा. तिच्यात काही वेगळं सांगितलं असेल, तर आमचं सोडा, तिचंच ऐका.