जंताची गोळी आणि बेइंद्रिय जीव

शाळेत जंतनाशक दिन जाहीर झाला की श्रावकाच्या घरी एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे : गोळीने मरतात तेही जीवच ना? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तत्त्वार्थसूत्रात बेइंद्रियांचे उदाहरण म्हणून कृमीच येतो. पण त्याला ‘आपल्याकडे कंदमूळ नाही, पाणी गाळलेले, आपल्या मुलांना जंत कुठले?’ अशी जी पुस्ती जोडली जाते, ती फसवी आहे.

गोल जंताची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेवाटे मातीत जातात, दोन-तीन आठवड्यांत तेथे पक्व होतात आणि पालेभाजीला चिकटून स्वयंपाकघरात येतात. नाशिकच्या बाजारातील हिरवीगार कोथिंबीर तर ताटात कच्चीच पडते. अंडे इतके सूक्ष्म की कापडाच्या गाळणीवर विसंबता येत नाही. उकळलेल्या पाण्यात मात्र ते टिकत नाही. अंकुशकृमीला अन्नाचीही गरज नाही. तो अनवाणी पावलाच्या त्वचेतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. मूल फिकट पडते, लवकर थकते, आणि घरचे अभ्यासातील आळसाला बोल लावतात.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. दोन वर्षांखालील बालकाला अर्धी. या औषधाने जंताला साखर शोषता येत नाही व तो उपासमारीने मरतो. हिंसा घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गृहस्थाच्या अणुव्रतात त्याग आहे तो संकल्पी हिंसेचा. बचावासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टळत नाही, हा विवेक परंपरेनेच केलेला आहे. लेकराचे रक्त आटू देणे ही काही जीवदया नव्हे.

शिवाय गोल जंत आतड्यात आपली संख्या वाढवीत नाही. पोटातला प्रत्येक जंत बाहेरून गिळलेल्या वेगळ्या अंड्यातून आलेला असतो. म्हणजे शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात, वाहत्या पाण्यात निवडून धुतलेली भाजी आणि पायात चप्पल, एवढ्या जयणेने मारण्याचा प्रसंगच विरळ होतो.

ऑगस्टमधील फेरी चातुर्मासात येते. मुलाचे त्या दिवशी पचखाण असेल किंवा अंगात ताप असेल, तर शिक्षकांना आधी कळवावे. राहिलेल्यांसाठी पुढे आणखी एक दिवस ठेवलेला असतो. गोळी जेवणानंतर, चावून घ्यावी.