परसातले हरितगृह आणि पुस्तकातले उत्तर

काचगृहात ऊब का असते, असे वर्गात विचारले की बहुतेक हात वर होतात. उत्तरही ठरलेले असते. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, तापलेली माती अवरक्त किरण बाहेर टाकते, ते काचेतून पार होत नाहीत, म्हणून उष्णता आत कोंडते. या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. माझ्या मते ते अपुरे आहे, आणि जे त्यातून गळाले आहे तेच अधिक महत्त्वाचे आहे.

१९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकीतज्ज्ञाने काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पेट्या केल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधवाची तेवढ्याच जाडीची चकती. सैंधवातून अवरक्त किरण सहज पार होतात. दोन्ही पेट्यांवर पडणारे ऊन आधी एका काचेतून गाळून घेतले, तेव्हा दोन्हींचे तापमान सुमारे ५५ अंश सेल्सियसपर्यंत चढले आणि त्यांत एका अंशाचाही फरक उरला नाही. किरण कोंडल्यामुळेच ऊब येत असती, तर सैंधवाची पेटी बरीच मागे पडायला हवी होती. खरे काम केले होते ते अडवलेल्या हवेने. उघड्यावर तापलेली हवा वर निघून जाते आणि तिची जागा गार हवा घेते. झाकणाखाली हे अभिसरण थांबते.

हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. निफाडसारख्या ठिकाणी जानेवारीतल्या काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि टोमॅटो, मिरची, पपईची कोवळी रोपे आखडतात. (कोकणातल्या वाचकांनी मात्र हा खटाटोप करू नये; त्यांच्या रोपांना ऊब नव्हे, सावली हवी.) पुस्तकी उत्तरावर विसंबणारा मुलगा महाग काच आणील आणि घर घट्ट बंद करील. दुपारच्या आपल्या उन्हात रोपे उकडून निघतील.

हवा अडवायची आहे हे एकदा कळले की काचेवाचून भागते. बांबूच्या कामट्या वाकवून दोन मीटर लांब, एक मीटर रुंद कमान करा आणि तीवर पारदर्शक पॉलिथीन ताणून बांधा. खाली एक आणि माथ्याजवळ एक अशी दोन झडपी ठेवा. तापमापी आत, सावलीत टांगा. पारा तिशीपलीकडे जाऊ लागला की झडपी उघडा आणि तो किती मिनिटांत उतरतो ते वहीत टिपा.

रात्रीची गोष्ट निराळी. साध्या पॉलिथीनमधून अवरक्त किरण बरेचसे निसटतात. निरभ्र, निवांत रात्री अशा घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होऊ शकते! इथे पुस्तकातल्या प्रारणाला त्याचा मान द्यायलाच हवा. सूर्यास्ताआधी झडपी बंद करून वरून गोणपाट पांघरा. आत काळे रंगवलेले वीस लिटरचे चार डबे पाण्याने भरून ठेवा. हे ८० लिटर पाणी रात्रभरात आठ अंशांनी निवले, तर सुमारे २,७०० किलोज्यूल उष्णता देते. शंभर वॅटचा दिवा साडेसात तास जळत ठेवावा तेवढी ही उष्णता आहे, आणि तिचे वीजबिल येत नाही.

चौकस विद्यार्थी आता विचारील, मग पृथ्वीच्या ‘हरितगृह परिणामा’चे काय? तो खोटा नाही. फक्त त्याचे नाव फसवे आहे. पृथ्वीभोवती काच नाही. अवकाशात हवा वाहून जाऊन पृथ्वी निवत नाही, ती फक्त प्रारणानेच निवते. त्यामुळे बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतात, याला तिथे फार मोठे महत्त्व आहे. ते नसते तर पृष्ठभागाचे सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास असते.

शिक्षकांना एक विनंती आहे. परीक्षेत या प्रश्नाला ‘हवेचे अभिसरण थांबते’ असे उत्तर कोणी लिहिले, तर त्यावर तांबडी रेघ ओढू नका. त्या मुलाने कदाचित परसात दोन खोकी ठेवून, एकाला भोक पाडून, दोन्हींची तापमाने मोजलेली असतील.