तीन वर्षांचे रविवार

रविवारी संध्याकाळचे सात वाजले की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्याही येत असणार! सोमवारची मीटिंग, तुंबलेल्या मेल्स... आणि 'वीकएंडला काय केलंस?' असं कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर : काही नाही यार, टाइमपास.

मागच्या महिन्यात मी रविवारचा तबल्याचा क्लास सोडला. 'स्टेजवर वाजवणारेस का? मग उपयोग काय?' असं टीममधल्या एकाने विचारलं आणि मी गप्प झालो. उत्तर परवा सापडलं. तेही एका एकवीस आकडी संख्येपाशी!

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आठवते? पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार... पट ६४ ऐवजी ६७ घरांचा असता, तर एकूण दाणे बरोब्बर एवढे भरले असते. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही, असं फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये लिहून ठेवलं. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी दाखवून दिलं, की भाग जातो. पण कशाने, ते त्यांच्या पद्धतीतून कळेना. चोरी झाली हे नक्की, चोर मात्र गायब!

ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. असं सांगतात, की एक अक्षरही न बोलता त्यांनी आधी ही संख्या मांडली. मग १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला. उत्तर तेच! नुसत्या टाळ्या. हे शोधायला किती वेळ लागला, असं नंतर विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

हिचा कुठलाही भाजक १३४ च्या पटीत एक मिळवून येतो, एवढा नियम हाताशी होता. तरी त्या रांगेत कोल यांचा लहान भाजक कितवा? १४,४५,५८० वा! आणखी युक्त्या लढवून यादी छाटल्याशिवाय इलाजच नव्हता. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही.

आज कॉम्प्युटर हे काम क्षणात करतो. पण त्याहून कितीतरी मोठ्या संख्यांपुढे तोही हात टेकतो. गुणाकार सोपा, फोड महाकठीण, याच गोष्टीवर १९७७ मध्ये आरएसए ही सांकेतिक पद्धत उभी राहिली आणि पुढे इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला कामी आली. कोल १९२६ मध्येच गेले. 'उपयोग काय?' असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांच्याकडेही उत्तर नसतं. तरी ते दर रविवारी बसले.

काल सरांना फोन केला. म्हणाले, 'ये, पण पुन्हा कायद्यापासून सुरुवात.' चालेल सर.

तुमचा रविवार कशात जातो?